एलेफ्सिना: इतिहासाची खोटी वाटणी

१/ अथेन्सच्या पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरांवर एलेफ्सिना हे उपनगर आहे. प्रवासवर्णनांत त्याचे सर्रास दोन तुकडे केले जातात: प्राचीन ‘एल्युसिस’ म्हणजे पावित्र्य, आधुनिक एलेफ्सिना म्हणजे धूर आणि गंज. ही वाटणी सोयीची आहे, खरी नाही.

२/ प्राचीन वैभवाबद्दल वाद नाही. हरवलेल्या मुलीच्या शोधात फिरणारी धान्यदेवता डिमिटर येथेच शोक करीत बसली, अशी कथा आहे. तिच्या गूढविधींसाठी अथेन्सहून ‘पवित्र मार्गा’ने मिरवणूक येई. स्त्रियांना आणि गुलामांनाही दीक्षा मिळे. ग्रीक भाषा यावी आणि हात मनुष्यवधाने माखलेले नसावेत, या मुख्य अटी. नाटककार एस्किलस याच गावचा.

३/ पुढे सांगितले जाते की इ.स. ३९६ मध्ये अलारिकच्या गॉथांनी देवस्थान उद्ध्वस्त केले आणि एल्युसिस संपले. खरोखर संपले?

४/ १८०१ साली केंब्रिजचे विद्वान एडवर्ड डॅनियल क्लार्क तेथे गेले. शेणखताच्या ढिगात रुतलेली एक भग्न, प्रचंड संगमरवरी स्त्रीमूर्ती त्यांना दिसली. गावकरी सणासुदीला तिच्यापुढे दिवा लावीत. ती गेली तर शेते पिकणार नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती.

५/ क्लार्क यांनी ऑटोमन अधिकाऱ्याची परवानगी मिळवून मूर्ती हलवली. तिला नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. मूर्ती मात्र वाचली. आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.

६/ खरी मेख पुढे आहे. क्लार्क यांनाही ती साक्षात डिमिटरच वाटली. प्रत्यक्षात ती रोमन काळातील प्रवेशद्वाराची, डोक्यावर पवित्र पेटी धरलेली स्तंभकन्या. चुकले दोघेही. एकाची चूक अंधश्रद्धा ठरली, दुसऱ्याची विद्वत्ता.

७/ प्राचीन पंथ अखंड चालत आला, असा माझा दावा नाही. दावा एवढाच की मूर्ती आणि शेत यांचे नाते जपणाऱ्यांना तिचे वारस मानले गेले नाही. ‘तुम्हाला हिचे मोल कळत नाही’ हे वाक्य नेहमी वस्तू उचलून नेणाराच उच्चारतो.

८/ आता ‘गंजा’कडे पाहू. १८८२ पासूनच्या उत्खननासाठी देवस्थानावर वसलेली घरे हटवली गेली. १९०२ मध्ये टायटन सिमेंटचा कारखाना उभा राहिला. १९२२ नंतर आशिया मायनरमधून परागंदा झालेले निर्वासित आले आणि अशाच कारखान्यांत राबले. मागाहून पोलाद आणि तेलशुद्धीकरण आले; आखात विटाळले, किनारा जुन्या जहाजांची स्मशानभूमी झाला.

९/ प्रदूषण खरे आहे, पण त्याचा जाब कोणाला विचारायचा? कारखान्यांच्या जागा मजुरांनी निवडल्या नव्हत्या. मुलगी हरवलेल्या आईच्या गावी सर्वस्व हरवलेली माणसे येऊन वसली. त्यांनाच ‘एल्युसिसचे मारेकरी’ ठरवणे हा कृतघ्नपणा आहे.

१०/ २०२३ साली एलेफ्सिना युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. त्या गौरवात भग्न स्तंभांइतकाच वाटा चिमण्यांखाली राबलेल्यांचाही आहे. जो इतिहास दगडाला वारसा म्हणतो आणि त्याच दगडाशेजारी जगणाऱ्या माणसाला अडथळा, तो इतिहास नव्हे. ती मालकीची कैफियत आहे.