गोवर आणि विसरलेले शरीर

‘रोगप्रतिकारशक्ती’ हा जडजंबाल शब्द करोनाच्या साथीपासून घराघरांत पोचला. पूर्वी तो शाळेच्या पुस्तकात भेटत असे. आता चहाच्या पुड्यावर आणि मधाच्या बाटलीवरही भेटतो. शक्ती म्हटली की ती वाढवता येते, विकत आणता येते, असे आपल्याला वाटू लागते. मला विचाराल तर या शब्दातली ‘शक्ती’च फसवी आहे. शरीर रोगाशी लढते ते बरेचसे आठवणीच्या जोरावर.

अनोळखी जंतू शिरला की त्याला नेमकी लागू पडणारी प्रतिपिंडे तयार करायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. माणूस बरा होतो, पण त्या झटापटीतल्या काही पेशी मागे राहतात. या स्मृतिपेशी. तोच जंतू पुन्हा आला की त्या त्याला दारातच ओळखतात. ही ओळख किती टिकावी? १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. त्याआधीची साथ १७८१ ची. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला असे आढळले की, त्या जुन्या साथीत गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांनंतर!

मात्र हाच गोवर इतर रोगांची आठवण पुसून टाकतो. त्याचा विषाणू शिरतो तोच मुळी स्मृतिपेशींत. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, इतर रोगांविरुद्ध त्यांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली दिसली. लसीमुळे असे होत नाही.

आपल्याकडे उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवून ‘गोवर अंगावर नीट निघू द्या’ असे सांगणाऱ्या आज्या होत्या. पुरळ मावळले, ताप उतरला की घर निश्चिंत होई. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याच मुलाला न्यूमोनिया झाला, तर त्याचा संबंध गोवराशी कोण लावणार?

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवर उसळला, मुले दगावली. करोनाच्या काळात लसीकरण रखडले होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. गोवर रोखायला शंभरांतील ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात, इतका तो संसर्गजन्य. हे प्रमाण घसरले की श्रीमंत देशांचीही गय होत नाही; कॅनडाने गोवरमुक्तीचा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला. भारताने आपल्या गोवरमुक्तीसाठी २०२६ साल ठरवले आहे. नवव्या महिन्यातली पहिली मात्रा बहुतेक घरांत आठवणीने दिली जाते. सोळा ते चोवीस महिन्यांमधली दुसरी राहून जाते. तोवर मूल घरभर पळू लागलेले असते आणि लसीचे कार्ड कपाटात कुठेतरी तळाशी गेलेले असते.