चिरडलेले सायलेन्सर आणि न तपासलेली दुकाने

रायपूरच्या तेलीबांधा तलावापासून फार लांब नसलेल्या माझ्या घरी रात्री अकरानंतर पहिली बुलेट गरजली की हातातले पुस्तक मिटावे लागते. मधूनच बंदुकीच्या बारासारखा फटाकाही वाजतो. शेजारच्या तरुणाला मी एकदा विचारले, मूळचा सायलेन्सर कुठे आहे? तो निरागसपणे म्हणाला, "माळ्यावर आहे, अंकल. पोलिसांनी हा काढून नेला तर तो बसवता येईल." बदलाचे काम दुकानातच तासाभरात झाले होते आणि दुकानदाराने जीएसटीसह पावतीही दिली होती.

त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. सेवेत असताना जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवण्याच्या एका कार्यक्रमाला मीही उपस्थित होतो. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून आले. ते सायलेन्सर विकले कोणी, याची चौकशी करणारा कागद मात्र माझ्या टेबलावरून कधीच पुढे सरकला नाही.

कायदा दुबळा आहे असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कलम १९०(२) खाली ध्वनिमानकाचा भंग केल्यास दंड दहा हजारांपर्यंत जातो. परंतु तेथे आवाज मोजून दाखवावा लागतो, आणि चौकातल्या शिपायाच्या हाती ध्वनिमापक क्वचितच असतो. पीयूसी केंद्रावर धूर तपासला जातो, आवाज नाही. साहजिकच सारी कारवाई चालकापाशी येऊन थांबते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक योगायोग आठवतो. मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्सिमच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, बंदुकीसाठी आणि इंजिनासाठी आवाज दाबणारी साधने तयार केली. सायलेन्सर म्हणजे नुसती नळी नव्हे. आतल्या कप्प्यांतून वायूचा जोर मोडत जातो, म्हणूनच १७५ सीसीवरील मोटारसायकल उत्पादनाच्या वेळी ८० डेसिबलच्या मर्यादेत राहते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा. शंभर डेसिबलला ती शंभरपट होते. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक याच मार्गात असतो. नळीबरोबर तोही काढला, तर आवाजासोबत विषही रस्त्यावर येते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ४०.

बदली सायलेन्सर सरसकट बंद करा, असे माझे म्हणणे नाही. मूळचा गंजला तर पर्याय हवाच. युरोपात मोटारसायकलच्या बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ९२ आहे. चाचणीत उतरलेल्या नगावर मान्यतेची खूण कोरलेली असते, म्हणून पोलिसाला कानावर विसंबावे लागत नाही. आपल्याकडे 'केवळ शर्यतीसाठी' एवढा शिक्का दुकानदाराला पुरतो. ती गाडी शर्यतीला जाणार नाही, व्हीआयपी रोडवर जाणार, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

महत्त्वाचा सुरक्षा भाग म्हणून अधिसूचित झालेली वस्तू मानकाविना विकणाऱ्याला याच कलम १८२अ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे लाख रुपये दंड आहे. केंद्राने सायलेन्सरच्या विक्रीलाही अशीच निःसंदिग्ध तरतूद लावावी आणि मान्यतेची खूण सक्तीची करावी. तोवर राज्याला एक काम करता येईल: जप्तीच्या पंचनाम्यात सायलेन्सर कोठून घेतला याचा रकाना ठेवावा. माझ्या शेजाऱ्याची पावती अजून त्याच्या खिशात आहे. ज्या विक्रीवर सरकारने कर घेतला, तीच वस्तू ते उद्या रोलरखाली घालील, आणि परवा तो तरुण पुन्हा त्याच दुकानात उभा असेल.