कच्च्या लिंबूला मोठ्यांत खेळू द्या



'कच्चा लिंबू' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. धाकटं भावंड रडतं म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पण ते बाद झालं तरी बाद धरायचं नाही. लपाछपीत हे ठीक आहे. शाळेच्या फुटबॉलमध्ये मात्र सहावी-सातवीच्या मुलांचं आपण हेच करतो. नववी-दहावीची मुलं मैदानात आणि ही रेषेबाहेर, बॉल आणून द्यायला. फार तर शेवटची पाच मिनिटं आत.

माझं मत असं, की आठवड्यातून एक-दोन दिवस या मुलांना मोठ्यांसमोर खरोखरचं खेळवावं. आपल्या उरणमध्ये तर त्याला पर्यायही नाही. लहान शाळेत एका वयाची बावीस मुलं आणायची कुठून? भातकापणी झाली की मोकळ्या शेतात लहानमोठी पोरं एकत्र खेळतातच की! वयाप्रमाणे वेगळं करतो ते आपण, शाळेत.

यातून लहान मुलगा काय शिकतो? समवयस्कांत जो थोडा उंच, थोडा वेगवान, तो बॉल पुढे ढकलून पळत सुटतो आणि गोल करतो. आपण टाळ्या वाजवतो. पण मुलांची उंची साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. कुणाची आधी, कुणाची नंतर. मागे राहिलेले दोन वर्षांत त्याला गाठतात आणि मग याच्याकडे दुसरं काहीच उरत नाही. मोठ्यांसमोर ही पळापळ चालत नाही. मोठा मुलगा दोन ढांगांत अंगावर येतो. म्हणून बॉल पायात येण्याआधी मान वळवून बघावं लागतं, पहिल्याच स्पर्शात बॉल बाजूला घ्यावा लागतो, पास लवकर द्यावा लागतो. हे फळ्यावर शिकवून येत नाही हो. इंग्लंडमध्ये प्रीमिअर लीगच्या अकादमींनी जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. तेव्हा लवकर वाढलेल्या मुलांनीच सांगितलं, की इथे नुसत्या ताकदीवर भागत नाही, डोकं चालवावं लागतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. कुस्तीच्या तालमीत वस्ताद धाकट्या पैलवानाला थोरल्याबरोबर जोर करायला लावतो. थोरला त्याला आपटत नाही, तोलून धरतो. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघही तालमींच्या नावाने खेळतात : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर फुटबॉल महासंघाने त्या संघातली बरीच मुलं 'इंडियन ॲरोज' या नावाने आय-लीगमध्ये थेट मोठ्या क्लबांसमोर उतरवली. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असं हरवलं, त्यात दोन गोल अनिकेतचे. पण हंगाम संपला तेव्हा दहा संघांत ॲरोज शेवटचे होते. मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या त्या संघातून अनिकेत आणि जॅक्सन सिंगसारखे खेळाडू पुढे आयएसएलमध्ये गेले. तेव्हा 'आमचा पोरगा रोज हरून येतो' म्हणून पालकांनी लगेच घाबरू नये.

घाबरावं असं एक आहे, दुखापत. "मोठ्या पोरांत नको सर, पाय मोडंल" असं म्हणणारी आई चुकीचं बोलत नाही. म्हणून मोठ्यांना मोकाट सोडायचं नाही. पाच-पाचचे संघ करा, प्रत्येकात लहानमोठे मिसळा. घसरून बॉल काढणं बंद, खांद्याने ढकलणं बंद. बॉल चार नंबरचा घ्या, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तोच योग्य. हेडिंग नकोच. पावसाळ्यात चिखल असेल त्या दिवशी नुसता पासिंगचा सराव पुरे. आणि मोठ्यांना दोनच स्पर्शांत बॉल सोडायला लावा, किंवा कमजोर पायानेच खेळायला लावा. मग "यांच्याबरोबर काय खेळायचं सर?" ही कुरकुर आपोआप थांबते, कारण आता त्यांनाही घाम फुटतो.

हे सगळं सरावापुरतं. स्पर्धेत वयोगट काटेकोर पाळायलाच हवा. मोठ्या मुलाचं वय कमी दाखवून लहानांत घुसवणं हा उलटा धंदा आहे, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. आणि लहान मुलाला त्याच्या वयाच्या संघातही खेळवत राहा. तिथे तो पुढाकार घेतो, बॉल मागतो, चार जणांना ओरडून सांगतो. हेही त्याला यायला हवं.

दोन-तीन आठवडे नुसतं लक्ष ठेवा. मूल बॉल मागत असेल, चुकलं तरी परत मागत असेल, तर चालू द्या. पण ते रेषेजवळ उभं राहून बॉल आपल्याकडे येऊ नये अशी वाट बघत असेल, तर त्याला महिनाभर समवयस्कांत खेळवा आणि मग पुन्हा विचारा. त्यालाच विचारा, बाबांना नव्हे.