विश्लेषण : एक गिटार दोन गिटारींसारखी कशी वाजते? डबलर पेडल घ्यावे की तोच भाग पुन्हा वाजवावा?

हेडफोन लावून रॉक किंवा मेटल गाणे ऐकले, तर अनेकदा एक गिटार डाव्या कानात आणि दुसरी उजव्या कानात वाजते. बँडमध्ये गिटारवादक मात्र एकच असू शकतो. त्याने तोच भाग स्टुडिओत दोनदा वाजवलेला असतो. यालाच डबल ट्रॅकिंग म्हणतात. हाच परिणाम पायाने एक बटण दाबून मिळेल, असे सांगणारी ‘डबलर’ पेडल्स आता बाजारात आहेत. घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या नवशिक्यांपुढे त्यामुळे साधा प्रश्न आहे : हजारो रुपये खर्चून पेडल घ्यायचे, की तोच भाग पुन्हा एकदा वाजवायचा?

कॉपी-पेस्ट का चालत नाही?

एकच रेकॉर्डिंग कॉपी करून एक प्रत डावीकडे, एक उजवीकडे ठेवली तर काय होते? काहीच नाही. दोन्ही कानांना तंतोतंत सारखा आवाज मिळाला की मेंदू तो एकच समजून मधोमध बसवतो. दोन सारख्या लहरींची बेरीज झाली की पातळी ६ डेसिबलने वाढते, रुंदी वाढत नाही.

एकाच गायकाचा आवाज मोठा केला म्हणून त्याचे भजनी मंडळ होत नाही. दहा जण एकच अभंग म्हणतात तेव्हा कोणी अक्षर किंचित आधी उचलतो, कोणी नंतर; कोणाचा सूर केसभर वर असतो. त्या बारीक फरकांतूनच भरदार आवाज तयार होतो. दोनदा वाजवलेल्या गिटारीचेही तेच. सोलो वाजवताना रँडी ऱ्होड्ससारखा वादक तोच सोलो पुन्हा पुन्हा वाजवून थर चढवत असे. ऑझी ऑस्बर्नच्या १९८० च्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ अल्बममध्ये ते ऐकू येते.

हा ‘शॉर्टकट’ आला कुठून?

लंडनमधल्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओतून. तेच गाणे पुन्हा जसेच्या तसे म्हणायचा जॉन लेननला कंटाळा येई. १९६६ मध्ये तिथले अभियंते केन टाउनसेंड यांनी त्यावर उपाय काढला. आवाज दुसऱ्या टेप मशीनवर पाठवायचा, त्या मशीनचा वेग किंचित कमी-जास्त करायचा आणि ही प्रत मूळ आवाजात मिसळायची. या ‘आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग’चा, म्हणजे एडीटीचा, वापर बीटल्सच्या त्याच वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये भरपूर झाला.

पुढे मोठ्या टेप मशीनचे काम छोट्या डब्यात आले. ‘बॉस’चे सीई-१ हे कोरस पेडल १९७६ चे. अलीकडची ‘टीसी इलेक्ट्रॉनिक’चे मिमिक, ‘स्ट्रायमन’चे डेको, ‘कीली’चे ३० एमएस ही पेडल्स थेट डबल ट्रॅकिंगच्या नावावरच विकली जातात.

पेडल नेमके काय करते?

आवाजाची प्रत काढते, ती काही मिलिसेकंद उशिरा सोडते आणि तिचा वेळ व सूर थोडा हलता ठेवते. हा उशीर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आसपास असला तर कान प्रतीला वेगळा प्रतिध्वनी मानत नाही. दोन्ही मिळून एकच जाड आवाज वाटतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम १० मीटर जातो.

कोरस पेडलमध्ये प्रतीचे हलणे एका ठरावीक लयीत होते, म्हणून तो लहरता आवाज लगेच ओळखू येतो. डबलर पेडल ही हालचाल अनियमित ठेवते, त्यामुळे परिणाम माणसाच्या वाजवण्याच्या अधिक जवळ जातो. ‘मिमिक’मध्ये अशा एक ते तीन प्रती घेता येतात आणि त्या मूळ आवाजाला किती घट्ट चिकटाव्यात, यासाठी वेगळा नॉबही आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण काळाची. खरा दुसरा टेक कधी पहिल्याच्या मागे असतो, कधी पुढे. एडीटीमध्येही प्रत पुढे आणता येई, कारण मूळ आवाज आधीच टेपवर असे. थेट वाजवताना पेडलला पुढचा सूर माहीत नसतो. त्यामुळे मूळ आवाजच थोडा थांबवून ठेवला नाही, तर प्रत कायम मागूनच येते. कान तर आधी आलेल्या आवाजाच्या दिशेवर विश्वास ठेवतो. परिणामी, एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला प्रत ठेवली, की गिटार मूळ आवाजाच्या बाजूला कललेली वाटते.

दुसरी अडचण मोबाइलची. बरेच जण गाणे फोनच्या स्पीकरवर किंवा एकाच ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतात. तिथे डावे-उजवे एकत्र होते. मूळ आवाज आणि १० मिलिसेकंद उशिराची प्रत सारख्याच पातळीवर मिसळली, तर ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा दर १०० हर्ट्झला काही स्वर एकमेकांना कापतात आणि आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. पेडलमधली हालचाल हा दोष सौम्य करते, पण पुसून टाकत नाही. दोन खरे टेक एकत्र केले तर रुंदी जाते, पण असे ठरावीक खड्डे पडत नाहीत.

तिसरी अडचण जोडणीची. डबलर डिस्टॉर्शनच्या आधी लावून दोन्ही आवाज एकाच वाहिनीतून पुढे नेले, तर ते एकत्रच फाटतात आणि गिचमीड होते. तो डिस्टॉर्शननंतर लावावा आणि त्याच्या दोन आउटपुटना दोन अँप किंवा मिक्सरच्या दोन वाहिन्या मिळाव्यात. एकाच अँपवर त्याचा बराचसा फायदा वाया जातो.

पेडल घ्यावे की नाही?

मंचासाठी जरूर घ्यावे. एकट्या गिटारवादकाला तिथे दुसरा टेक देता येत नाही. सोलो सुरू झाला की मागची गिटार गायब होते आणि गाणे रिकामे वाटते. ती पोकळी थोडी तरी भरण्याचे काम पेडल चोख करते.

रेकॉर्डिंगसाठी मात्र आधी दुसरा टेक वाजवावा. त्याला पैसे लागत नाहीत. फोनवरचे मोफत मल्टिट्रॅक ॲपही पुरते. एक टेक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवावा आणि शेवटी मोनोमध्ये ऐकून पाहावे. दोन टेक जुळत नसतील, तर तो भाग अजून हातात बसलेला नाही, हे लगेच कळते. पेडल नेमके हेच झाकते. चुकीच्या सुराची, अडखळलेल्या स्ट्रोकचीही ते इमानदारीने प्रत काढते आणि वाजवणाऱ्याला सगळे छान चालले आहे असे वाटत राहते.

लेननला कंटाळा करणे परवडले, कारण पहिला टेक लेननचा होता. शिकणाऱ्याची प्रगती दुसऱ्या टेकमध्येच होते. तो जुळू लागल्यावर पेडल घ्यायला हरकत नाही. त्याआधी घेतले, तर दुप्पट होते ती फक्त चूक.