फाशाला स्मरण नसते

मागील रविवारी पावसाने दिवसभर उसंत दिली नाही, म्हणून शहाडच्या आमच्या घरी सापशिडीचा पट मांडला गेला. चौथीत शिकणाऱ्या नातवाची सोंगटी पटावर येण्यासाठी सहाचे दान हवे होते. पाच वेळा फासा टाकूनही ते पडेना, तेव्हा तो ठामपणे म्हणाला, ‘‘आजोबा, आता तर सहा पडायलाच हवा!’’

हेच वाक्य मी बँकेच्या नोकरीत एका प्रौढ व्यक्तीच्या तोंडून ऐकले होते. ते एक लहान दुकानदार होते. त्यांच्या चालू खात्यातील शिल्लक महिन्यागणिक घटू लागली, म्हणून मी आस्थेने विचारपूस केली. ते म्हणाले, ‘‘साहेब, हा आकडा कित्येक दिवसांत लागलेला नाही. आता लागायलाच हवा.’’ आकडा लागला नाही. दुकान मात्र गेले. सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान का दिले आहे, हे त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने उमगले.

नातवाला मी म्हटले, ‘‘अरे, मागची पाच दाने तुला आठवतात, फाशाला आठवतात का?’’ फाशाला सहा बाजू असतात आणि प्रत्येक बाजू वर येण्याची संधी समान असते. म्हणून सहा पडण्याची संभाव्यता सहात एक. पहिल्या खेपेला तेवढीच आणि सहाव्या खेपेलाही तेवढीच. सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडणे, हे साधारणतः तीनपैकी एका वेळी घडतेच. त्यात नशिबाचा रुसवा नाही.

संभाव्यतेचे मूळ आहे ते नीट मोजण्यात. प्रथम घडू शकणारे सर्व प्रकार मोजावेत, नंतर आपल्याला हवे असलेले. दोन फासे टाकल्यास एकूण ३६ प्रकार होतात. बेरीज सात येण्याचे त्यांत सहा प्रकार आहेत, तर बेरीज दोन येण्याचा केवळ एकच.

अशा मोजणीचा वारसा आपल्या परंपरेत फार जुना आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. अनेक वस्तूंमधून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यात दिला आहे. उदाहरण घेतले आहे ते षड्रसांचे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांतून एकेक घेतल्यास सहा, दोन-दोन घेतल्यास पंधरा, तीन-तीन घेतल्यास वीस. आणि सर्व मिळून त्रेसष्ट प्रकार होतात. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती आपल्याच महाराष्ट्रात, सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केली.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात ‘संभाव्यता’ हे स्वतंत्र प्रकरण दहावीत येते. परंतु मोबाइलवरील पैशांचे खेळ तोवर थांबून राहत नाहीत. म्हणून हा धडा घरीच, लहान वयात द्यावा. पाठशाळेतून आलेल्या मुलाच्या हाती फासा आणि वही द्यावी. साठ वेळा फासा टाकून प्रत्येक दानाची नोंद, रोजमेळ लिहावा तशी, करून घ्यावी. प्रत्येक अंक दहाच्या आसपास येईल, नेमका दहा वेळा क्वचितच. ‘आसपास’ आणि ‘नेमका’ यांतील अंतर मुलाला कळले की निम्मा विषय कळला.

आमच्या वहीत सहाचे दान सात वेळा पडले. नातू थोडा हिरमुसला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे पुढच्या साठांत तेरा वेळा पडेल ना?’’ मी काही बोललो नाही. फासा पुन्हा त्याच्या हाती दिला. क्षणभर विचार करून तोच हसला, ‘‘नाही आजोबा. त्याला कुठे आठवतंय!’’

व्यापारी कुळातील मुलांना जोखीम टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. मात्र जोखीम मोजून घेणारा व्यापारी असतो आणि ‘आता यायलाच हवे’ म्हणणारा जुगारी, हा भेद त्यांना गल्ल्यावर बसण्यापूर्वी कळला पाहिजे.

जय जिनेंद्र.