परवानगीचे राज्य

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. गश्ती निशाण 53 या हुकमाने ही अट घातली होती. खाजगी शाळा आणि आखाडेही याच जाचातून सुटले नव्हते.

तरीही ही सत्ता सर्वंकष नव्हती, निरंकुश होती. हा फरक आपल्याकडे सहसा केला जात नाही. 1911 साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांचे फर्मान हाच कायदा होता. पण गावात हुकूम चालवायचे ते देशमुख, जहागीरदार आणि पाटील-पटवारी. सारा वसूल झाला आणि कोणी मान वर केली नाही, की सरकारचे भागे. सर्वंकष सत्तेला प्रजेचे नुसते गप्प बसणे पुरत नाही. तिला होकार हवा असतो आणि त्यासाठी नेता, शपथ, गणवेश व वस्तीवस्तीत पोहोचणारा पक्ष लागतो. हिटलरकडे हे सारे आधीच तयार होते; जानेवारी 1933 मध्ये तो चान्सलर झाला आणि जुलैत इतर पक्ष बेकायदा ठरले.

हैदराबादेत सत्ता जुनी होती, पक्ष मागाहून आला. स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये स्थापनेआधीच बंदी आली, ती 1946 पर्यंत उठली नाही. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात जात राहिले. विरोधकांची तोंडे अशी बांधलेली असताना मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन वाढत गेली. लातूरचे वकील कासीम रझवी तिचे पुढारी झाले आणि तिचे स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, नेत्याशी निष्ठेची शपथ घेऊ लागले. ऑक्टोबर 1947 च्या अखेरीस भारताशी बोलणी करायला दिल्लीला निघालेल्या निजामाच्या शिष्टमंडळातील सदस्यांच्या घरांना जमावाने वेढा घातला. शिष्टमंडळ गेले नाही, पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि इत्तेहादला चालणारे मीर लायक अली त्या जागी आले. त्यानंतर निजाम किती स्वतंत्र उरला होता, हा प्रश्नच आहे.

पुढे रझाकारांच्या लुटालूट-जाळपोळीने सरहद्दीवरची कुटुंबे वऱ्हाडात पळाली. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचाच. पण कारभार 1853 पासून इंग्रजांकडे आणि मग भारताकडे गेलेला, म्हणून आसरा मिळाला. दहशत केवळ हिंदूंपुरती नव्हती. भारतातील विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये खून झाला. स्वतःच्या समाजातून उठलेला विरोधी आवाज अशा संघटनेला सर्वांत जास्त खुपतो, कारण साऱ्या समाजाच्या वतीने बोलण्याचा तिचा दावाच त्याने खोटा पडतो.

13 सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकार मोडले, निजाम मात्र 1956 पर्यंत राजप्रमुख राहिला. कारवाईच्या काळात व नंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. तो अहवाल लोकशाही सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही.