पिवळे हात

आमच्या घरात एक दंतकथा आहे. माझ्या पणजोबांनी दुसऱ्या महायुद्धात ‘गुप्त बॉम्ब’ बनविला, अशी. लग्नकार्यात काका ती रंगवून सांगतात आणि दरवर्षी त्या बॉम्बचे वजन वाढते. खरी गोष्ट आजीकडून कळली. कळंबोलीच्या घरी दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “बॉम्ब कसला बनवतात! कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे माझे वडील.”

पणजोबा मॅट्रिक. १९४२ साली एका सरकारी दारूगोळा कारखान्यात लागले. तेथे टी.एन.टी.चे नमुने हाताळावे लागत. या द्रव्याने कातडी पिवळी पडते, यकृतालाही ते बाधते. इंग्लंडात पहिल्या महायुद्धातच हे कळून चुकले होते. तिथल्या कामगार स्त्रियांना लोक ‘कॅनरी’ म्हणत. पणजोबा सुट्टीत गावी आले की लोक म्हणत, याची हळद अजून उतरलेली दिसत नाही! पुढे कावीळ झाली. वैद्यांनी विचारले, काम काय करता? पणजोबा म्हणाले, कारकुनी. १९२३ च्या गुप्ततेच्या कायद्याखाली सही केली होती ना! १९४६ साली ते गेले, तेव्हा आजी चार वर्षांची. हे सारे तिला तिच्या आईने सांगितले.

कावीळ त्या द्रव्यानेच झाली असे मी म्हणत नाही. पण वैद्याला तसा विचार करायला जागाच उरली नाही, हे तर खरे? सूत्रे लपविण्याचा अधिकार सरकारला असेल. मात्र त्या सहीची हद्द कुठे संपते हे पणजोबांना कोणी समजावून दिले नाही, आणि भ्यालेला माणूस हद्द नेहमी अलीकडेच मानतो.

इंग्लंडात ब्लेचली पार्क येथे जर्मन संकेतलिपी फोडण्याच्या कामावर हजारो माणसे होती. १९७४ साली विंटरबॉथम यांचे पुस्तक निघेपर्यंत बहुतेकांनी घरीही अक्षर काढले नाही. त्यांचे उशिरा का होईना, कौतुक झाले. रावळपिंडीत मात्र ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३० नंतर दहाएक वर्षे शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. ती हकीकत वर्तमानपत्रांत गाजली २००७ साली! तोवर कोणाच्या घरी कोण उरले असणार?

आपल्याकडेही असे मौन आहे. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीमागे जेमतेम पाऊणशे शास्त्रज्ञ-अभियंते होते असे सांगतात. अणुगर्भाचे काम खाडीपलीकडे, ट्रॉम्बेत झाले. १९९८ साली तर शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, खोट्या नावांनी वावरले. तेव्हा युद्ध नव्हते, पण गुप्तता युद्धकाळाचीच. त्या घरांतील नातवंडे आपल्या वर्गातही असू शकतील. त्यांनी सूत्रे विचारू नयेत. आजोबा घरी कधी येत, आजी शेजाऱ्यांना काय सांगे, दुखणे आले तेव्हा डॉक्टरांपाशी काय बोलले, एवढे विचारून वहीत उतरवावे. आणि विचारावे ते घरातल्या बायकांना. आमच्या काकांसारख्यांना नव्हे.

मी आजीपासून सुरुवात केली आहे. तिच्या ट्रंकेत पणजोबांचा पितळी बिल्ला निघाला. त्यावर नाव नाही, नुसता आकडा आहे.